इंग्रजी कर्मणी वाक्यातील काळनिवड : एका तक्त्याची परीक्षा

मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखनात एका प्रकारचे वाक्य वारंवार आढळते : ‘धिस ग्रामर इज रिटन इन १८३६.’ हे वाक्य दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या मराठी व्याकरणाविषयी असेल, तर त्यातील माहिती खरी आहे, सन बरोबर आहे, ‘रिटन’ हे धातुसाधितही निर्दोष आहे. चुकले आहे ते केवळ ‘इज’. परीक्षक त्यावर काट मारून ‘वॉज’ लिहितो. विद्यार्थी या दुरुस्तीवरून असा निष्कर्ष काढतो की, जुन्या वस्तूंविषयी लिहिताना ‘वॉज’ वापरावे. आणि पुढच्या प्रकरणात ‘द टेंपल वॉज सिच्युएटेड ऑन द बँक ऑफ द रिव्हर’ असे लिहून, आजही उभे असलेले व नित्य पूजा होणारे मंदिर तो वाचकाच्या लेखी नाहीसे करून टाकतो.

ही चूक निष्काळजीपणाची असती, तर तिची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ती एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने आणि हुशार विद्यार्थ्यांकडूनही होते. तेव्हा तिच्या मुळाशी काही व्यवस्था असली पाहिजे, आणि ती शोधू गेल्यास पहिली दृष्टी शालेय व्याकरणातील त्या सुपरिचित तक्त्याकडे वळते.

रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने, आणि त्याहून अधिक त्याच्या असंख्य अनुकरणांनी, भारतातील कित्येक पिढ्यांकडून हा तक्ता घोटवून घेतला. डाव्या रकान्यात कर्तरी वाक्य, उजव्या रकान्यात कर्मणी. ‘राम राइट्स अ लेटर’चे ‘अ लेटर इज रिटन बाय राम’. ‘राम रोट अ लेटर’चे ‘अ लेटर वॉज रिटन बाय राम’. मूळ क्रियापदाचा जो काळ असेल तोच ‘बी’ या सहायक क्रियापदाने धारण करावयाचा, हा नियम. रूपसिद्धीचा नियम म्हणून त्यात खोट काढता येणार नाही. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या मनास तर तो विशेष रुचावा, इतका तो आटोपशीर आहे. आक्षेप आहे तो या नियमाकडून काळनिवडीचे काम करवून घेण्यावर.

हा तक्ता असे गृहीत धरतो की, लिहिणाऱ्याच्या मनात आधी एक कर्तरी वाक्य तयार असते व तो त्याचे रूपांतर करतो. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ सालच्या आपल्या बृहद्व्याकरणात नमूद केले आहे की, इंग्रजीतील सुमारे पाचांपैकी चार कर्मणी वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. कर्ता ठाऊक नसतो, ठाऊक असूनही सांगण्याजोगा नसतो, किंवा त्याची जिज्ञासाच नसते. हस्तलिखिताचे वर्णन करणारा संशोधक ‘अमुक याने शेवटचे पान फाडले’ या वाक्यापासून आरंभ करीत नाही. त्याच्या हातात एक पान फाटलेले हस्तलिखित असते. ज्या वाक्याला डावा रकानाच नाही, त्याचा काळ डाव्या रकान्यातून उचलावयाचा तरी कसा?

याहून गंभीर दोष आशयाचा आहे. ‘राम राइट्स अ लेटर’ हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर फारसे कोणी उच्चारीत नाही. उच्चारलेच तर ‘राम पत्र लिहीत असतो’ असा रीतीचा अर्थ त्यात असतो. पण ‘द लेटर इज रिटन’ हे वाक्य एकटे ऐकणाऱ्या इंग्रज श्रोत्यास रीतीचा अर्थ सुचत नाही. त्याला ‘पत्र लिहून झाले आहे, तयार आहे’ असे कळते. म्हणजे रूपाने वर्तमानकाळी असलेले हे कर्मणी वाक्य अर्थाने ‘राइट्स’ला नव्हे, तर ‘हॅज रिटन’ला जवळचे आहे. ओटो येस्पर्सन यांनी १९२४ सालच्या ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात या विसंगतीचा उलगडा क्रियापदांच्या दोन गटांच्या आधारे केला. बांधणे, लिहिणे, मोडणे, बंद करणे या क्रियांना अंत असतो. अंत आला म्हणजे क्रिया संपते व मागे एक अवस्था उरते. प्रेम करणे, मान देणे, वेढणे यांना असा अंत नसतो. म्हणून ‘शी इज लव्ह्ड बाय ऑल’ हे ‘ऑल लव्ह हर’चे यथार्थ रूपांतर ठरते, पण ‘द हाउस इज बिल्ट’ हे ‘समबडी बिल्ड्स द हाउस’चे रूपांतर ठरत नाही. तक्त्याच्या पहिल्या ओळीत ही दोन्ही क्रियापदे शेजारीशेजारी बसविली जातात आणि त्यांतील भेद विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

तक्त्याचा हा दोष इंग्रज मुलासही जाचावयास हवा. परंतु त्याची मातृभाषा त्याला सावरून घेते. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत मातृभाषा एके ठिकाणी तोल घालविते आणि, मौजेची गोष्ट अशी की, दुसऱ्या ठिकाणी इंग्रजीहून अधिक नेमका भेद त्याच्या हाती देते. या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग आपल्याकडील इंग्रजीच्या अध्यापनात जवळजवळ झालेला नाही.

तोल जातो तो असा. ‘लिहिले आहे’ या संयुक्त रूपाचे दोन घटक विद्यार्थी सरळ जुळवितो : ‘आहे’ म्हणजे ‘इज’, ‘लिहिले’ म्हणजे ‘रिटन’. ‘लिहिले’ या रूपात भूतार्थ त्याच्या कानाला स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा ‘रिटन’ या शब्दाने भूतकाळाची सोय झालीच आहे, आणखी ‘वॉज’ कशाला, असे त्याला मनातून वाटते. शिवाय मराठीतील ‘-ले आहे’ या रूपाला निश्चित भूतकाळवाचक क्रियाविशेषणाचे वावडे नाही. ‘मी काल पत्र लिहिले आहे’ हे शुद्ध मराठी वाक्य होय. इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ ‘यस्टर्डे’ सहन करीत नाही. सावित्रीबाई फुले यांचे नाव ‘पुणे विद्यापीठाला २०१४ साली देण्यात आले आहे’ असे मराठीत लिहिता येते. त्याचे ‘इज नेम्ड आफ्टर सावित्रीबाई फुले इन २०१४’ असे इंग्रजी झाले म्हणजे वाक्य कोसळते, कारण ‘इज नेम्ड’ ही आजची अवस्था आणि ‘इन २०१४’ हा एका घटनेचा क्षण, ही दोन एका सूत्रात राहू शकत नाहीत. सन काढला तर ‘इज नेम्ड’ निर्दोष. सन ठेवला तर ‘वॉज नेम्ड’ अपरिहार्य.

या गोंधळात ‘कर्मणी’ या संज्ञेनेही आपली भर घातली आहे. ‘रामाने पत्र लिहिले’ याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते. इंग्रजीच्या वर्गात तीच संज्ञा ‘पॅसिव्ह’साठी योजिली जाते. परंतु ‘रामाने पत्र लिहिले’ याचे इंग्रजी ‘राम रोट अ लेटर’ असेच होते. त्यात कर्त्याला मागे सारण्याचा हेतू लेशमात्र नाही. मराठी व्याकरणकारांनी ‘पत्र लिहिले जाते’ या घडणीस ‘नवीन कर्मणी’ असे वेगळे नाव दिले ते योग्यच झाले. मात्र जुन्या कर्मणीची संगत भूतार्थाशी आणि पूर्णतेशी असल्याने, संज्ञेबरोबर ती संगतही इंग्रजीत शिरते, इकडे दुर्लक्ष झाले. कर्मणी म्हटले की काहीतरी होऊन गेलेले, अशी विद्यार्थ्याची धारणा बनते आणि मग ‘इज’ व ‘वॉज’ यांतील निवड त्याला केवळ शोभेची वाटू लागते.

आता मातृभाषेच्या दुसऱ्या देणगीकडे वळावे. ‘लिहिले आहे’ याच्या शेजारी मराठीत ‘लिहिलेले आहे’ असे रूप आहे. लेखनात एका ‘ले’चा फरक; अर्थात मात्र तो मोठा आहे. ‘शिलेवर लेख कोरला आहे’ या वाक्यात कोरण्याची क्रिया अजून जाणवते. ‘शिलेवर लेख कोरलेला आहे’ यात क्रिया मागे पडून शिलेची स्थिती पुढे येते. इंग्रजीतील ‘इज कार्व्ह्ड’ या रूपाचा पहिला आणि स्वाभाविक प्रतिशब्द हा ‘कोरलेला आहे’ होय. उलटपक्षी, क्रिया घटना म्हणून सांगावयाची असेल तर मराठी ‘जाणे’ किंवा ‘येणे’ या गतिवाचक क्रियापदांची मदत घेते : ‘कोरला गेला’, ‘कोरण्यात आला’. वेरूळच्या कैलास लेण्याविषयी ‘ते एकाच खडकातून कोरलेले आहे’ आणि ‘ते आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कोरण्यात आले’ अशी दोन वाक्ये कोणताही मराठी लेखक न चुकता लिहितो. त्यांचे इंग्रजी अनुक्रमे ‘इज कार्व्ह्ड’ आणि ‘वॉज कार्व्ह्ड’. लेणे एकच, क्रियाही एकच, आणि ती बाराशे वर्षांपूर्वी झालेली. म्हणजे क्रिया किती जुनी, या प्रश्नाचा काळनिवडीशी संबंध नाही. आपण वस्तूची आजची स्थिती सांगत आहोत की तिच्या इतिहासातील एक घटना, एवढेच पाहावयाचे.

तेव्हा ‘इज’ लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपले वाक्य मराठीत ‘-लेला आहे’ असे, किंवा रीतीचा अर्थ असल्यास ‘-ला जातो’ असे, बसते की नाही ते पाहावे. ‘-ण्यात आले’ हेच बसत असेल, तर ‘वॉज’ला पर्याय नाही. संशय फक्त साध्या ‘-ले आहे’ या रूपाने येतो. आणि तेथे वाक्यात सन, तिथी किंवा प्रसंग आहे काय, एवढे विचारले की बहुधा निकाल लागतो. ‘धिस बुक इज रिटन बाय...’ या आपल्याकडील आवडत्या रचनेचाही उलगडा येथेच होतो. कर्त्याचे नाव आले की इंग्रजी भाषक सहसा घटनेकडे वळतो व ‘वॉज रिटन बाय’ म्हणतो. मराठीत मात्र ‘हे पुस्तक दामल्यांनी लिहिलेले आहे’ या अवस्थावाचक वाक्यातही कर्ता सुखाने नांदतो. इंग्रजीतही हे सर्वथा निषिद्ध नाही. ग्रंथाचा गुण सांगताना, जसे ‘तज्ज्ञांनी लिहिलेला आहे’ म्हणताना, ‘इज रिटन बाय स्पेशलिस्ट्स’ असे आढळते. पण मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली लिहून प्रसिद्ध झाल्याचे सांगावयाचे असेल, तर ती सवलत मिळत नाही.

इंग्रजीला हा भेद एका सहायक क्रियापदात का कोंबावा लागला, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत कर्मणी रचनेसाठी दोन क्रियापदे होती : ‘असणे’ या अर्थाचे ‘वेसन’ आणि ‘होणे’ या अर्थाचे ‘वेओर्थन’. त्यांची विभागणी सर्वत्र काटेकोर होती असे नाही. तथापि घटनेसाठी वेगळे साधन उपलब्ध होते. मध्ययुगीन काळात ‘वेओर्थन’ लोपले आणि सर्व भार ‘बी’वर आला. भगिनीभाषा जर्मनने आपले ‘वेर्डन’ टिकविले. ‘दी ट्यूर विर्ड गेश्लोसन’ म्हणजे दार बंद केले जाते, ‘दी ट्यूर इस्ट गेश्लोसन’ म्हणजे दार बंद केलेले आहे. जर्मन विद्यार्थ्याला मराठी विद्यार्थ्यासारखाच भेद घरून मिळतो. इंग्रजीने पुढे आपली उणीव अंशतः भरून काढली. चालू घटनेसाठी ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली. त्यापूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणत. रॉबर्ट सदी याने १७९५ साली ती योजिल्याचे नेहमी सांगितले जाते. शुद्धिवाद्यांना ती इतकी खटकली की, रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने १८७० सालच्या ‘वर्ड्स अँड देअर यूजेस’ या पुस्तकात तिच्यावर कडाडून हल्ला चढविला. भाषेने त्याचे ऐकले नाही. आज ती रचना तक्त्याची एक ओळ होऊन बसली आहे. पण ‘घर बांधले जात आहे’ ही चालू घटना ‘इज बीइंग बिल्ट’कडे गेल्यामुळेच ‘इज बिल्ट’पाशी अवस्था व रीती एवढेच उरले, हा त्या दोन ओळींमधील संबंध तक्ता सांगत नाही.

भूतकाळात मात्र ‘बी’ची ओढाताण संपलेली नाही, आणि खरा धोका तेथे आहे. ‘द लायब्ररी वॉज क्लोज्ड ॲट सिक्स’ याचा अर्थ सहा वाजता ग्रंथालय बंद करण्यात आले, की सहा वाजता पाहिले तेव्हा ते बंद होते? दोन्ही. ग्रंथालयाच्या बाबतीत हा संदेह निरुपद्रवी ठरेल. पंचनाम्याच्या बाबतीत तो तसा राहत नाही. मराठी पंचनाम्यात ‘दाराचे कुलूप तोडलेले होते’ असे लिहिले जाते तेव्हा पंचांनी एक स्थिती पाहिली, एवढेच ते सांगतात. ‘दाराचे कुलूप तोडण्यात आले’ असे लिहिले तर पंचांच्या समक्ष, बहुधा पोलिसांनीच, ते तोडले. या दोन विधानांवर दोन वेगळे खटले उभे राहू शकतात. भाषांतरकार दोहोंसाठी ‘द लॉक वॉज ब्रोकन’ असे लिहून मोकळा झाला, तर वरच्या न्यायालयात केवळ इंग्रजी प्रत वाचणाऱ्यास मूळ भेद कळण्याचा मार्ग उरत नाही. इंग्रजीत उपाय आहेत : स्थितीसाठी ‘वॉज फाउंड ब्रोकन’ किंवा ‘हॅड बीन ब्रोकन’, घटनेसाठी ‘वॉज ब्रोकन ओपन इन देअर प्रेझेन्स’. पण उपाय शोधण्याची गरज ज्याला जाणवते त्यालाच ते सापडतात, आणि ‘वॉज’ म्हणजे ‘भूतकाळ’ एवढ्यावर ज्याचे समाधान झाले आहे त्याला ती जाणवणार नाही. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ सालच्या व्याकरणात अशा वाक्यांतील धातुसाधित कधी क्रियापद, कधी विशेषण मानावे असे जे विवेचन केले आहे, त्याचा व्यावहारिक उपयोग अशा ठिकाणी दिसतो.

वर्तमानकाळी कर्मणी वाक्य घटना कधीच सांगत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. क्रिकेटच्या धावत्या वर्णनात फलंदाज ‘इज बोल्ड’ होतो. क्रिया आणि उच्चार एकाच क्षणी. नाटकाचे कथानक सांगताना डेस्डेमोना ‘इज स्ट्रँगल्ड’, कारण संहितेत ती प्रत्येक वाचनात नव्याने मरते. अधिक महत्त्वाचा आहे तो शासकीय व कायदेशीर वापर. ‘यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड’ या वाक्यात कळविण्याची क्रिया त्या वाक्यानेच घडते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत या प्रकारच्या उक्तींची मीमांसा केली. मराठी कचेरीच्या भाषेत याला तंतोतंत जुळणारे ‘कळविण्यात येते’, ‘विनंती करण्यात येते’ असे रूप आहे. कचेरीच्या मराठीची थट्टा करण्याचा प्रघात असला, तरी या एका बाबतीत ती इंग्रजीपेक्षा सुस्पष्ट आहे, कारण ‘येते’ हे घटनेचे चिन्ह तेथे उघड दिसते. भारतीय राज्यघटनेच्या ३९५ व्या अनुच्छेदाने १९३५ चा भारत सरकार कायदा रद्द केला तो अशाच वर्तमानकाळी कर्मणी वाक्याने. इतिहासकाराने मात्र हा कायदा २६ जानेवारी १९५० रोजी रद्द झाला असे लिहिताना ‘वॉज रिपील्ड’ म्हणावयास हवे. आणि घटनातज्ज्ञ ‘इज रिपील्ड बाय आर्टिकल ३९५’ असे लिहितो तेव्हा तोही चुकत नाही, कारण तो दिवसाविषयी बोलत नसून अनुच्छेदाच्या आजही लागू असलेल्या परिणामाविषयी बोलतो.

प्रबंधलेखनात या साऱ्याची कसोटी रोज लागते. कार्यपद्धतीच्या प्रकरणात ‘द डेटा इज कलेक्टेड फ्रॉम फाइव्ह व्हिलेजेस’ असे वाक्य सर्रास आढळते. त्याचे कारण पुष्कळदा व्याकरणाहून साधे असते : नोंदणीच्या वेळी सादर केलेल्या आराखड्यातील मजकूर जसाच्या तसा प्रबंधात उतरतो. आराखड्यात काम व्हावयाचे होते. प्रबंधात ते होऊन गेले आहे. माहिती गोळा करण्यात आली, म्हणून ‘वॉज कलेक्टेड’. पण त्याच प्रकरणातील ‘माहिती तिसऱ्या कोष्टकात दिलेली आहे’ याचे ‘इज गिव्हन’ असेच राहिले पाहिजे, कारण कोष्टक वाचकासमोर आहे. ‘इट इज आर्ग्यूड’ असे लिहिले तर युक्तिवाद याच ग्रंथात आहे. पूर्वसूरीने १९६६ साली केलेल्या युक्तिवादासाठी ‘इट वॉज आर्ग्यूड’. दोहोंची अदलाबदल झाली म्हणजे कोणते मत प्रबंधकाराचे आणि कोणते परक्याचे, हे वाचकाला पानापानावर तपासत बसावे लागते, आणि हा दोष भाषेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

हस्तलिखितांच्या वर्णनात तर एका शब्दाने पुराव्याचे स्वरूप बदलते. ‘द मॅन्युस्क्रिप्ट इज डेटेड’ म्हणून शक दिला, तर पोथीवर तो शक लिहिलेला आहे असे सूचित होते. ‘वॉज डेटेड’ म्हटले, तर कोणा अभ्यासकाने अक्षरवटिकेवरून किंवा कागदावरून तो ठरविला, आणि तो ठरविणारा कोण, असा प्रश्न लगेच उभा राहतो. तसेच ‘द लास्ट लीफ इज टॉर्न’ ही सूचिकाराने पाहिलेली वस्तुस्थिती आहे. ‘द लास्ट लीफ वॉज टॉर्न’ मध्ये, सूचिकाराच्या मनात नसले तरी, कोणीतरी ते फाडले असा वास येतो. ज्ञानेश्वरीच्या शके १२१२ या लेखनकालाविषयी आणि तिच्या एखाद्या उपलब्ध प्रतीवरील शकाविषयी एकाच परिच्छेदात लिहिण्याचा प्रसंग ज्याच्यावर येईल, त्याने ‘वॉज कंपोज्ड’ आणि ‘इज डेटेड’ ही दोन क्रियापदे आपापल्या जागी आहेत की नाहीत, हे छपाईस पाठविण्यापूर्वी पुन्हा एकदा मराठीत वाचून पाहावे.